बारा नंबरचं कोण आहे?

(दृश्य: परळ, सकाळची वेळ. रुग्णालयाच्या फाटकातून आत जाणारी माणसं.)

परळचा आचार्य दोंदे मार्ग. इथं महापालिकेचं केईएम रुग्णालय आहे, १९२६ सालापासूनचं. त्याच रस्त्यावर लहान मुलांचं वाडिया. थोडं चाललं की टाटाचं कॅन्सर रुग्णालय. सकाळी या भागात जी गर्दी दिसते, तिच्यातली बरीच माणसं स्वतः आजारी नसतात. ती कुणाबरोबर तरी आलेली असतात. काखेत एक्स-रेचं मोठं पाकीट, प्लॅस्टिकच्या पिशवीत केसपेपर, दुसऱ्या हातात थर्मास, आणि रात्रभर खाटेखाली पथारी पसरून झोपल्यामुळं चुरगळलेला शर्ट.

वॉर्डाच्या दारातून आवाज येतो, "बारा नंबरचं कोण आहे?" आणि कुणीतरी चहा अर्धा टाकून धावतं.

या धावणाऱ्या माणसाला आपल्याकडं 'नातेवाईक' म्हणतात. त्याचं काम कुठंही लिहून ठेवलेलं नाही, पण ते केल्याशिवाय वॉर्ड हलत नाही. रक्ताची नळी मुठीत धरून लॅबला न्यायची, दुपारी रिपोर्ट आणायचा. जे औषध आत नाही ते बाहेरच्या मेडिकलमधून आणायचं. सोनोग्राफीला न्यायचं तर वॉर्डातले मामा, म्हणजे वॉर्डबॉय, एकटे, म्हणून स्ट्रेचरला मागून हात लावायचा. ब्लड बँकेत चिठ्ठी द्यायची. राउंडच्या वेळी डॉक्टर जे दोन वाक्यं बोलतील ती ऐकायला नेमकं तिथं असायचं. बिनपगारी असा एक माणूस प्रत्येक खाटेमागं आहेच, हे गृहीत धरून आपली सरकारी रुग्णालयं उभी आहेत. खासगी रुग्णालयात धावपळ कमी, पण डिपॉझिट कोण भरणार आणि सही कोण करणार, हे आधी विचारतात.

आता समजा, बारा नंबरच्या खाटेवरच्या पेशंटचं कुणीच नाही. लग्न केलं नाही, आईवडील गेले, भाऊ घराच्या वाटणीवरून वीस वर्षांपूर्वी तुटला. पण एक मित्र आहे. तो धावत येतो. आणि काउंटरवरचा पहिला प्रश्न असतो, "तुम्ही यांचे कोण?"

हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे, आणि तो गेला याच रस्त्यावरून.

(दृश्य: केईएमची जुनी इमारत. दगडी कमानी, लांबलचक व्हरांडा.)

अरुणा रामचंद्र शानबाग. उत्तर कन्नडमधल्या हळदीपूरची मुलगी, जन्म १ जून १९४८. मुंबईत आली, नर्स झाली, केईएममध्ये लागली. लग्न ठरलेलं होतं. २७ नोव्हेंबर १९७३ च्या संध्याकाळी रुग्णालयाच्याच आवारात, तिथल्याच एका सफाई कर्मचाऱ्यानं तिच्यावर हल्ला केला. कुत्र्याची साखळी गळ्याभोवती आवळली. मेंदूचा रक्तपुरवठा तुटला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती सापडली तेव्हा ती जिवंत होती, पण पुन्हा कधी शुद्धीवर आली नाही. पंचविशीतली ती बाई पुढं साडेएकेचाळीस वर्षं केईएमच्या चार नंबर वॉर्डाला लागून असलेल्या एका खोलीत होती.

आईवडील वारले. बाकीच्या नातेवाइकांचं येणं थांबलं. त्यांना दोष देणं सोपं आहे, आम्ही देणार नाही. हळदीपूर ते परळ हे अंतर त्या काळातल्या कुटुंबाला किती लांब होतं, आणि कधीच न संपणारं दुखणं घरी नेणं म्हणजे काय, हे ज्यानं केलं असेल त्यालाच ठाऊक.

उरल्या तिच्याबरोबरच्या नर्सेस. त्यांनी तिला सांभाळलं. कुशीवर वळवणं, अंग पुसणं, वेणी घालणं, चमच्यानं भरवणं. मऊ भात, माशाचं, कोंबडीचं सूप. २०१० च्या सप्टेंबरमध्ये मलेरिया होईपर्यंत ती तोंडानं खात होती, मग नाकातून नळी घालावी लागली. सदतीस वर्षं अंथरुणाला खिळलेल्या या बाईच्या अंगावर बेडसोरची एकही जखम झाली नव्हती. ज्यांनी घरात सहा महिने कुणाचं अंथरूण काढलंय, त्यांना या वाक्याचं वजन वेगळं सांगायला नको. पाठीची, टाचांची कातडी बघत राहावी लागते, ओली चादर तासभरही ठेवून चालत नाही, आणि हे रात्रीच्या पाळीतही करावं लागतं, जेव्हा बघायला कुणी नसतं.

ऐंशीच्या दशकात महापालिकेनं तिला तिथून हलवायचा घाट घातला. खाट अडली होती. नर्सेस आंदोलनाला उतरल्या आणि पालिकेला माघार घ्यावी लागली.

मग आलं २००९. पत्रकार पिंकी विराणी यांनी अरुणाची वादमित्र म्हणून, म्हणजे जिला स्वतः बोलता येत नाही तिच्या वतीनं, सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. म्हणणं असं, की हे जगणं जगणं नव्हे, तिला भरवणं थांबवा, तिला सुटू द्या. केईएमच्या नर्सेस आणि डॉक्टर म्हणाले, नाही, ती आमची आहे, आम्ही सांभाळू. न्यायालयानं टाटा, हिंदुजा आणि सायन रुग्णालयांतले तीन डॉक्टर तपासायला पाठवले. ७ मार्च २०११ रोजी न्या. मार्कंडेय काटजू आणि न्या. ग्यानसुधा मिश्रा यांनी निकाल दिला. अर्ज फेटाळला. अरुणाची खरी वादमित्र म्हणजे विराणी नव्हेत, इतकी वर्षं तिची सेवा करणारा केईएमचा कर्मचारीवर्ग, आणि तिच्या वतीनं बोलायचं तर त्यांनी बोलायचं, असं न्यायालयानं सांगितलं. उद्या त्यांचं मत बदललं तर त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात यावं, असंही. त्या दिवशी केईएममध्ये पेढे वाटले गेले.

रक्ताचं नातं नसलेल्यांना, केवळ सांभाळलं म्हणून, देशातल्या सर्वात वरच्या न्यायालयानं हा अधिकार दिला. आमच्या मते त्या निकालातला हा भाग इच्छामरणाच्या गदारोळात झाकला गेला. इच्छामरणावर अग्रलेख आले, परिसंवाद झाले. सांभाळणाऱ्याच्या अधिकारावर फारसं कुणी बोललं नाही.

पण एक गोष्ट खटकत राहते. विराणी म्हणत होत्या जाऊ द्या, नर्सेस म्हणत होत्या राहू द्या. दोन्हीकडं माया होती. अरुणाला काय हवं होतं, हे मात्र कुणालाच सांगता येत नव्हतं. पंचविशीतल्या मुलीला असलं काही कोण विचारून ठेवतं?

(दृश्य: रात्रीचा वॉर्ड. खाटेशेजारी प्लॅस्टिकची खुर्ची.)

आता बारा नंबरच्या मित्राकडं परत. केईएमच्या नर्सेसकडं जे होतं ते याच्याकडं नाही. वॉर्डाची किल्ली नाही, गणवेश नाही, मागं युनियन नाही. याच्याकडं आहे पास. तोही 'एका नातेवाइकाला' म्हणून मिळालेला.

बहुतेक जण इथं एक शॉर्टकट मारतात. फॉर्मवर नात्याच्या रकान्यात 'भाऊ' लिहून टाकतात. काम होतं. पण ते करू नका. उद्या खरा भाऊ येऊन उभा राहिला, विम्याचा क्लेम आला किंवा पोलिसांनी जबाब घेतला, की तोच कागद अंगावर येतो. 'मित्र' लिहा. त्यानं उपचार अडत नाहीत.

कारण एक गोष्ट वॉर्डात फारशी कुणी सांगत नाही. पेशंट सज्ञान असेल, शुद्धीत असेल, तर संमती त्याचीच. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात, १६ जानेवारी २००८ रोजी, सर्वोच्च न्यायालयानं हे स्पष्ट केलं. तिथं पेशंट भुलीखाली असताना तिच्या आईकडून संमती घेऊन मोठी शस्त्रक्रिया उरकली होती. न्यायालय म्हणालं, आईची संमती चालणार नाही, जिवाला तातडीचा धोका नव्हता, बाई शुद्धीवर येईपर्यंत थांबायला हवं होतं. म्हणजे जिथं आईची सही कामाची नाही, तिथं भावाची सही आणा म्हणून ऑपरेशन लांबवण्याला अर्थ नाही. आणि जीव खरोखर धोक्यात असेल तर कागदासाठी थांबायचंच नाही, हे परमानंद कटारा खटल्यात १९८९ पासून ठरलेलं आहे.

म्हणून मित्रानं पहिल्याच दिवशी, पेशंट बोलतोय तोवर, एक काम करून घ्यावं. डॉक्टर राउंडला आले की पेशंटनं स्वतःच्या तोंडानं सांगावं, "माझ्याबद्दल जे असेल ते याला सांगा, याच्याशी बोला." आणि ते केसपेपरवर लिहून घ्यायची विनंती करावी. पाळी बदलते, डॉक्टर बदलतात, कागद तिथंच राहतो.

पेशंटची शुद्ध गेली, की मात्र जमीन सरकते. पुष्कळ लोकांना वाटतं, मुखत्यारपत्र करून ठेवलंय, आता चिंता नाही. ते तेव्हाच निरुपयोगी होतं. १८७२ च्या करार कायद्याचं २०१ वं कलम सांगतं, की मुखत्यारपत्र देणाऱ्याचं मनच ठिकाणावर राहिलं नाही तर दिलेला अधिकार संपतो. ज्या दिवसासाठी कागद केला, नेमका त्याच दिवशी तो बाद. कोमातल्या माणसाला पालक नेमायला आपल्याकडं स्वतंत्र कायदा नाही. उच्च न्यायालयात रिट करावं लागतं.

गंमत म्हणजे, मानसिक आरोग्याच्या बाबतीत कायदा चक्क सोपा आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या १४ व्या कलमानुसार कुणीही सज्ञान माणूस साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून आपला प्रतिनिधी नेमू शकतो. तो नातेवाईकच असला पाहिजे असं नाही. हृदयाच्या किंवा कॅन्सरच्या पेशंटला हीच सोय का नसावी, याचं उत्तर आम्हाला सापडलेलं नाही.

जे आहे, ते शेवटच्या टप्प्यासाठी आहे. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं वैद्यकीय इच्छापत्राला, म्हणजे शेवटच्या टप्प्यात कुठले उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याला, मान्यता दिली. अरुणाच्या निकालाची उजळणी त्यातच झाली. तेव्हा त्यावर दंडाधिकाऱ्याची सही लागायची, म्हणून कुणी वाटेला जात नव्हतं. २४ जानेवारी २०२३ ला ती अट गेली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी, एवढं पुरतं. आपण बोलू शकणार नाही तेव्हा आपल्या वतीनं कुणी बोलायचं त्यांची नावं त्यात घालायची, एकाहून अधिकही चालतात. असं वैद्यकीय इच्छापत्र नसेल तर डॉक्टरांच्या मंडळानं ज्यांच्याशी बोलायचं, त्यांत नातेवाइकांच्या जोडीला वादमित्राचाही उल्लेख आहे. महाराष्ट्रात असा कागद सांभाळून ठेवायला स्थानिक संस्थांमध्ये अधिकारी नेमले गेले, त्यामागं मुंबईतले स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांची मुंबई उच्च न्यायालयातली याचिका होती.

आजारी मित्राशी हे बोलायचं कसं? वाईट दिसतं, अभद्र वाटतं. खरं आहे. पण डायलिसिसच्या चार तासांत, किंवा केमोची बाटली संथ उतरत असताना, माणसाला स्वतःलाच बोलायचं असतं, आणि भेटायला आलेले "काही नाही होत रे तुला" म्हणत त्याचं तोंड बंद करतात. त्याऐवजी खुर्ची जवळ ओढा आणि विचारा, "तुला नळ्या लावून ठेवलेलं चालेल का रे?" तो उत्तर देईल, नाहीतर शिव्या देईल. दोन्हीतून कळेल.

(दृश्य: समाजसेवा विभागाची खिडकी.)

पैशाचं थोडक्यात. रेशनकार्ड आणि आधार शोधून आणा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचं, टेबल असतं, आधी तिथं जा. धर्मादाय रुग्णालय असेल तर दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बलांसाठी सवलतीत ठेवणं त्यांना बंधनकारक आहे. हे काउंटरवर न मागता कळत नाही, समाजसेवा अधीक्षकांना भेटून मागावं लागतं. तिथं 'मित्र' म्हटल्यावर सहसा कुणी हटकत नाही, उलट बसायला सांगतात.

आणि एकट्यानं करू नका. एकच मित्र दिवसाची नोकरी आणि रात्रीचा वॉर्ड करू लागला, की काही दिवसांत तोच झोपतो. ऑफिसातला कुणी, जुन्या चाळीतला कुणी, पेशंट सकाळी ज्याच्या टपरीवर चहा प्यायचा तो. एकाला डबा, एकाला दुपार, एकाला बँकेची कामं. जो नुसता सल्ले देतो त्याला रक्तदानाला पाठवा.

(दृश्य: भोईवाडा.)

अरुणा गेली १८ मे २०१५ ला, न्यूमोनियानं. वयाची सदुसष्ट पूर्ण व्हायला दोन आठवडे कमी होते. तिच्या जाण्याची बातमी झाली तसे नातेवाईक आले. अग्नी कुणी द्यायचा यावरून कुजबुज झाली, नर्सेस म्हणाल्या, इतकी वर्षं कुठं होता? शेवटी भोईवाड्याच्या स्मशानात केईएमचे तेव्हाचे अधिष्ठाता डॉ. अविनाश सुपे आणि तिचा एक भाचा, दोघांनी मिळून अग्नी दिला.

सगळ्यांच्या मागं असा समजूतदार तोडगा निघेलच असं नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं राज्यांना पत्र पाठवून सांगितलं, की समलिंगी जोडीदारासारख्यांना, जवळचे नातेवाईक नसतील तेव्हा, मृतदेहाचा ताबा मागता यावा. साध्या मित्राबद्दल असं पत्र नाही. तिथं रुग्णालयाचा समजूतदारपणा, नाहीतर पोलीस ठाण्यातला अर्ज. रुग्णालय मृत्यूच्या कारणाचा दाखला देतं, तो स्मशानात लागतो. मृत्यूची नोंद एकवीस दिवसांत व्हायला हवी.

राहिली बँक. खात्याला नॉमिनी म्हणून मित्राचं नाव घालता येतं, १ नोव्हेंबर २०२५ पासून चार जणांपर्यंत. मात्र नॉमिनीच्या हातात पैसे येतात, मालकी येत नाही, ती वारसाची. तुटलेला भाऊ तेव्हा नक्की येतो. मित्राला खरंच काही द्यायचं असेल तर मालमत्तेचं इच्छापत्र, म्हणजे मृत्युपत्र, करावं लागतं. त्याला स्टँप पेपर लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. साधा कागद, सही, आणि दोन साक्षीदार. त्यात ज्याला द्यायचं तो मित्र साक्षीदार नको, शेजारच्या खाटेवरच्याचा मुलगा चालेल.