हेमार्केटला न उभारलेली अमेरिका

व्हर्जिनिया राज्यातलं हेमार्केट. वॉशिंग्टनच्या पश्चिमेचं एक छोटं गाव. नोव्हेंबर १९९३ मध्ये डिस्नी कंपनीनं जाहीर केलं, की इथल्या सुमारे ३,००० एकर जागेवर 'डिस्नीज अमेरिका' उभं राहणार. मनोरंजन उद्यानच, पण सगळं देशाच्या इतिहासावर बेतलेलं. १९९८ मध्ये दारं उघडायची होती.

या उद्यानाच्या आराखड्याची ही तेव्हाची चित्रं नीट पाहा. सुरुवातीला एकोणिसाव्या शतकातलं गाव, तिथून सुटणारी वाफेची आगगाडी. अमेरिकेचा पश्चिम भाग धुंडाळणाऱ्या लुईस आणि क्लार्क यांच्या मोहिमेच्या नावानं खळाळत्या पाण्यातली तराफ्याची सफर. अमेरिकेतल्या उत्तर-दक्षिण यादवी युद्धातला किल्ला आणि रात्री पाण्यावर 'मॉनिटर' विरुद्ध 'मेरिमॅक' ही चिलखती जहाजांची झुंज. न्यूयॉर्कजवळच्या एलिस बेटावर उतरलेल्या स्थलांतरितांची गोष्ट. आणि कारखान्यांचं एक गाव, जिथला रोलर कोस्टर पोलादाच्या भट्टीतून, वितळलेल्या रसाला निसटता चुकवत धावणार होता. मला सगळ्यात जास्त ओढ याच चित्राची वाटते. औद्योगिक क्रांती आपण सनावळ्यांतून पाठ करतो. इथे मुलांना तिची धग अंगावर घेता आली असती.

पण काही मैलांवरच मॅनाससची रणभूमी आहे. १८६१ आणि १८६२, यादवी युद्धातल्या दोन मोठ्या लढाया तिथे झाल्या. खऱ्या रणभूमीच्या इतक्या जवळ लुटुपुटीचं युद्ध, मागोमाग हॉटेलं आणि मोटारींची गर्दी! डेव्हिड मॅकलॉ, जेम्स मॅक्फर्सन यांच्यासारखे इतिहासकार विरोधात उभे राहिले. त्यांचं म्हणणं मला रास्त वाटतं. राज्याच्या विधिमंडळानं १६ कोटी ३० लाख डॉलरची मदत मंजूर केली, तरी विरोध शमला नाही.

गुलामगिरीचा प्रश्न तर त्याहून अवघड. गुलाम असणं म्हणजे काय, हे लोकांना जाणवून देऊ, असं कंपनीकडून सांगितलं गेलं आणि वादळ उठलं. सुट्टीला तिकीट काढून आलेल्या कुटुंबाला ते कसं जाणवून देणार? हातातल्या आराखड्यांत याचं उत्तर मला सापडत नाही.

२८ सप्टेंबर १९९४ ला कंपनीनं हेमार्केटचा बेत सोडला. दुसरी जागा शोधू म्हणाले, पण उद्यान कुठेच झालं नाही. त्या जमिनीवर पुढे घरं झाली.

चाहते आजही ही चित्रं हुडकून काढतात. बोटी, शेत, भट्ट्या, जत्रा, असा भूतकाळ पायी हिंडून पाहायची हौस खरी आहे, तिला नावं ठेवाविशी वाटत नाहीत. तो भट्टीतला रोलर कोस्टर पिट्सबर्गसारख्या पोलादाच्या शहरात बांधायला हवा होता.