आधी पहार, मग पाऊल

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातल्या आपल्या मंडळींना पहिल्या हिवाळ्यात एकच कौतुक असतं: तळ्यावर मोटारी उभ्या! मलाही होतं. त्या मोटारी जानेवारीतल्या असतात, हे मात्र कुणी सांगत नाही. आजचं बोलणं नोव्हेंबर-डिसेंबरच्या कोवळ्या बर्फाबद्दल आहे.

पाणी सर्वांत जड असतं ४ अंश सेल्सियसला. त्यामुळे वरचं पाणी गार होऊन खाली बसत राहतं. सगळं तळं ४ अंशांवर आलं की मगच वरचा थर आणखी गार होऊन वरच राहतो आणि गोठतो. म्हणजे उथळ तळं आधी गोठणार, खोल तळं उशिरा. उत्तरेचं अपर रेड लेक अफाट पसरलेलं, पण उथळ. म्हणून बर्फाला भोक पाडून वॉलआय मासा धरणाऱ्यांचा हंगाम बहुधा तिथेच उघडतो.

आणि फसगतही तिथेच होते. २८ नोव्हेंबर २०२२ ला तिथे सुमारे दोनशे माणसं बर्फाच्या तुकड्यावर अडकली. पायाखालचा बर्फ फुटला नव्हता बरं का! सगळा पत्राच किनाऱ्यापासून सुटला आणि मध्ये उघडं पाणी आलं. सगळे सुखरूप परतले. पुढच्याच वर्षी डिसेंबरच्या अखेरीस पुन्हा तोच प्रकार, शंभरावर माणसं. म्हणून मी जाडी मोजायच्या आधी वारा बघतो. किनाऱ्याकडून आत वाहणारा जोराचा वारा असेल, तर त्या दिवशी घरी भजी तळावीत.

आता जाडी. राज्याचं नैसर्गिक संसाधन खातं सांगतं, चालत जायला निदान ४ इंच, लहान मोटारीला ९-१० इंच. हे आकडे नव्या, पारदर्शक, घट्ट बर्फाचे. पांढरा, दुधी बर्फ म्हणजे भिजून गोठलेलं हिम. त्याला दुप्पट जाडी लागते. वर भुसभुशीत हिम पडलं तर ते गोधडीसारखं ऊब धरतं आणि खालचा बर्फ जाड व्हायचा मंदावतो. ओढ्याचं तोंड, झरे, पुलाखालची जागा, तिथे तर फिरकूच नका.

मी पुढे पहार आपटत चालतो. एका घावात आरपार गेली, की आल्या पावली परत. दर दीडशे फुटांवर गिरमिटाने भोक पाडून पट्टी घालतो. कालचं भोक आज चालत नाही. शेजाऱ्याचं तर नाहीच.

पडलोच तर? पहिलं मिनिट धाप लागते, तेव्हा फक्त श्वास सांभाळायचा. मग ज्या बाजूने आलो तिकडे तोंड करायचं, कारण त्या बर्फाने आपलं वजन पेललेलं असतं. हे बघा, लाकडी मुठीचे दोन टोचे, दोरीने गळ्यात अडकवलेले. ते बर्फात रोवायचे, पाय झाडत अंग वर ओढायचं आणि उभं न राहता लोळत दूर जायचं. टोचे कोटाच्या वर हवेत. गेल्या वर्षी माझे आत होते, चेन वरपर्यंत लावलेली. सुदैवाने त्या दिवशी गरज पडली नाही.

घ्या, हातोहात पुढे द्या. टोकं जपून.