हुकूम कोणाचा?

खडकवासला. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचं, म्हणजे एनडीएचं, खेत्रपाल परेड ग्राउंड. तारीख ३० मे २०२५.

तीनशेहून जास्त कॅडेट पावलाला पाऊल जुळवून येताहेत. त्यांत १७ मुली आहेत. शोधा बरं! लांबून ओळखूच येत नाहीत.

मागे दिसतोय तो सुदान ब्लॉकचा घुमट. प्रबोधिनी इथे १९५५ पासून आहे. मुलींची पहिली तुकडी आली ती २०२२ मध्ये.

इतका उशीर का? डॉक्टर आणि परिचारिका सोडल्या, तर लष्कराने स्त्री अधिकारी घ्यायला सुरुवात केली १९९२ मध्ये. तीही पाच वर्षांपुरती. मुदत वाढत वाढत चौदा वर्षांवर गेली. पेन्शनला लागतात वीस.

कायम कमिशन, म्हणजे निवृत्तीपर्यंतची नोकरी, मागत या अधिकारी कोर्टात लढल्या. तिथे सरकारने लेखी सांगितलं, की जवान बहुतेक खेड्यातले आहेत, बाईचा हुकूम मानायची त्यांच्या मनाची तयारी नाही. फौज म्हणजे मर्दांचं काम, या समजुतीचं वकीलपत्र खुद्द सरकारने घेतलं. अडचण पुरुषाच्या मनात, आणि बढती अडली बाईची! खेड्यातल्या पोरांचाही हा अपमानच. त्यांच्यातल्या कितीकांच्या घरची शेती आईच्या शब्दावर चालते.

१७ फेब्रुवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा युक्तिवाद फेटाळला.

तरी चाळण लागलीच. पुरुषांना पंचविशी-तिशीत लावलेली तंदुरुस्तीची अट या बायकांना चाळिशी-पन्नाशीत लावली. गोपनीय अहवाल तर, हिला कुठे कायम व्हायचंय अशा समजुतीने वरवर भरलेले. निवडीच्या वेळी तेच पुढे केले. मार्च २०२१ मध्ये न्यायालयाने याला भेदभाव ठरवलं.

मग १८ ऑगस्ट २०२१ चा अंतरिम आदेश आला: मुलींना एनडीएच्या परीक्षेला बसू द्या. सरकार म्हणालं, पुढच्या मे महिन्यापर्यंत थांबा. न्यायालय थांबलं नाही. त्याच नोव्हेंबरमध्ये मुलींनी पेपर दिला.

आता त्या मुली परेडच्या शेवटी क्वार्टरडेक नावाच्या चौथऱ्याकडे निघाल्यात. तिथली पायरी म्हणजे 'अंतिम पग', शेवटचं पाऊल. ती ओलांडली, की प्रबोधिनी सुटली. पुढे एक वर्षाचं प्रशिक्षण, मग खांद्यावर हुद्दा.

तोफखाना स्त्री अधिकाऱ्यांना २०२३ मध्ये खुला झाला. पायदळ आणि रणगाडा दल या मुलींना अजून बंद आहेत.