वीस लाखांचा अंदाज

[ड्रोन. वाशी खाडी, सकाळ, ओहोटी]

सकाळचे पावणेसात झालेत, ओहोटी लागलीये, आणि खाली चिखलात गुडघाभर रुतून जो माणूस चाललाय तो निवट्या पकडतोय. वरून लोकल जातेय बघा, अजून अर्ध्या तासाने याच पुलावरच्या गाडीत पाय ठेवायला जागा नसेल. आता कॅमेरा हळूहळू फिरेल. हा जुना पूल, १९७३ चा. हा रेल्वेचा, १९९२. आणि हा गाड्यांचा दुसरा, १९९७ चा. ही तीन वर्षं डोक्यात ठेवा, पुढे लागतील.

वीस-तीस वर्षांनी एखादं शहर केवढं होईल, तिथे कोण राहील, काय काम करेल, कशातून ये-जा करेल, हे आज बसून कागदावर मांडायचं असा एक धंदा असतो. ज्योतिषी पण साधारण तेच करतो म्हणा, पण ज्योतिषाच्या भरवशावर कोणी ३४४ चौरस किलोमीटर जमीन घेत नाही. इथे घेतली, नवी मुंबईसाठी.

[टेबल, ट्रेसिंग पेपर, पेन्सिल धरलेला हात]

हा नकाशा आमच्या टीमनेच काढलाय, मूळ कागद नाही, पण रेषा त्याच. मुंबई म्हणजे समुद्रात खाली लोंबणारा एक हात समजा. मनगट वर, दहिसर-मुलुंडकडे, आणि बोटांची टोकं खाली फोर्टात. ऑफिसं, बँका, कोर्ट, मंत्रालय, गोदी, सगळं त्या टोकांना. म्हणजे रोज सकाळी अख्खं शहर वरून खाली घरंगळत जाणार आणि संध्याकाळी परत वर चढणार, दोन रेल्वे लाइनींवर. आता शहर वाढलं तर कुठे वाढणार? वरच. घर अजून लांब, ऑफिस तिथेच.

१९६१ च्या जनगणनेत बृहन्मुंबई साडेएकेचाळीस लाखांची होती. आता पुढचा आकडा काढायचा म्हणजे काय करतात ते सांगतो, कारण हे कोणी सांगत नाही आणि मला यातच सगळ्यात जास्त मजा येते. जन्म-मृत्यूचा हिशोब त्यातल्या त्यात सोपा. आज पाच वर्षांची असलेली पोरगी वीस वर्षांनी पंचवीसची होणार यात वाद नाही, तिला साधारण किती मुलं होतील याचा पण अंदाज बांधता येतो. अवघड असतं ते बाहेरून येणारं माणूस. तो भाऊच्या धक्क्यावर कोकणच्या बोटीतून उतरेल की नाही, साताऱ्याची एसटी पकडेल की नाही, हे त्याच्या घरच्या वयांवरून कळत नाही, इकडे काम किती आहे त्यावरून कळतं. म्हणजे माणसं मोजायची तर आधी नोकऱ्या मोजा. आणि नोकऱ्या कुठे तयार होणार हे तर सरकार ठरवतं, निदान अर्धं तरी. हा मुद्दा धरून ठेवा.

१९६४ मध्ये महापालिकेचा विकास आराखड्याचा मसुदा लोकांसमोर आला. तो बघून तीन जण अस्वस्थ झाले. चार्ल्स कोरिया आणि प्रवीणा मेहता हे आर्किटेक्ट, आणि शिरीष पटेल सिव्हिल इंजिनियर. कोरिया आणि पटेल तर तेव्हा पस्तिशीच्या आतले. त्यांचं म्हणणं एवढंच की हा हात अजून लांब करू नका, खाडी ओलांडा. हे बघा, पेन्सिल आता पूर्वेला जातेय, ठाणे खाडीच्या पलीकडे, बेलापूर, पनवेल, उरण, आणि बंदराला वळसा घालून परत. लांबट शहराचं गोल शहर होतंय, मधे पाणी. १९६५ मध्ये मुल्कराज आनंद संपादक असलेल्या 'मार्ग'च्या अंकात त्यांनी हे सगळं मांडलं. कलेच्या मासिकात शहराचं भविष्य छापून येतं आणि पाच वर्षांत सरकार त्यावर कंपनी काढतं, हे आज कोणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही.

अर्थात एकदम हवेतून नाही आलं. स. गो. बर्वे समितीने १९५९ लाच खाडीवर पूल बांधायला सांगितलं होतं. मग पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटचे धनंजयराव गाडगीळ, त्यांची समिती, १९६६ चा अहवाल, त्यात पण मुख्य भूमीवर वस्ती न्या असंच. आणि १७ मार्च १९७० ला सिडको, म्हणजे नवी मुंबई उभी करायला काढलेली ती सरकारी कंपनी. कोरिया चीफ आर्किटेक्ट, प्लॅनिंगचं काम पटेलांकडे. ९५ गावांची जमीन. हिशोब असा, की जमीन कमी भावात घ्यायची, रस्ते, पाणी, गटारं करायची, मग तीच चढ्या भावाने विकायची आणि त्या पैशातून पुढचा नोड, म्हणजे शहराचा पुढचा भाग, उभा करायचा. आकडा ठरला वीस लाख. वीस लाख माणसांचं शहर.

[मंत्रालय, रस्त्याच्या पलीकडून, संध्याकाळ]

आता हा शॉट थोडा लांबलाय पण मुद्दाम ठेवलाय. ऑफिस सुटतंय, बघा किती माणसं आहेत.

त्या वीस लाखांच्या आत एक 'जर' होता. जर मंत्रालय आणि त्याच्यामागची सरकारी ऑफिसं खाडीपलीकडे गेली. समजा एक कारकून बेलापूरला गेला. त्याच्यामागे बायको, दोन पोरं. पोरांना शाळा हवी, शाळेला मास्तर, मास्तरला वाणी, वाण्याच्या शेजारी न्हावी, इस्त्रीवाला, केमिस्ट, आणि महिनाअखेरीला उधार देणारा एक हॉटेलवाला. शिवाय सरकारकडे फाइल अडकलेल्या कंपन्या, त्यांचे वकील, टायपिंगवाले. एका टेबलामागे किती घरं उठतात याचा गुणाकार म्हणजे तो वीस लाखांचा आकडा. सरकार हे लोहचुंबक, ते हलवलं की बाकी सगळं आपोआप हलणार. गणित चोख होतं, मला अजूनही वाटतं.

[विधान भवन]

आणि ही इमारत. विधान भवन, नरिमन पॉइंट, १९८१. म्हणजे पलीकडे नवीन शहर उभं करायला घेऊन अकरा वर्षं झालेली, आणि ज्यांनी तिकडे जायचं त्यांनी स्वतःसाठी नवी इमारत बांधली ती इकडे, भराव टाकून केलेल्या त्याच भागात, जिथे गर्दी कमी करायची म्हणून एवढा सगळा घाट घातला होता. यावर मी काही बोलत नाही, पाच सेकंद बघा फक्त.

बाकी अंदाजांचं काय झालं ते पटकन. मुंबई १९८१ ला ८२ लाखांवर गेली, वीस वर्षांत जवळपास दुप्पट. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर, गिरण्या त्यानंतर पहिल्यासारख्या उभ्याच राहिल्या नाहीत, आणि ज्या कारखान्यांच्या नोकऱ्या धरून सगळे आलेख काढले होते त्या आलेखांचा पायाच गेला. १९९१ ला नवी मुंबईच्या महापालिका हद्दीत माणसं किती, तर तीन लाखांच्या आसपास.

आमचे बाबा १९९३ ला चेंबूरची खोली विकून नेरूळला आले, चाळीतले लोक हसले होते, खाडीपलीकडे कोण जातं म्हणून. रात्री आठनंतर रिक्षा नाही, आणि पाठीमागे खारफुटीत कोल्हेकुई. पण रेल्वे आलेली होती. ते तीन आकडे आठवा, गाड्यांचा पूल १९७३, रेल्वे १९९२. मधली एकोणीस वर्षं वीस लाख माणसांनी यायचं कसं, तर बसने. आणि ती रेल्वे आली तेव्हा पण दोन तृतीयांश खर्च सिडकोने उचलला म्हणून आली.

[एपीएमसी, पहाटे, ट्रकचे दिवे]

हे आमचं सगळ्यात आवडतं फुटेज, म्हणून थोडं जास्त ठेवलंय. पहाटेचे चार. नाशिकचा कांदा उतरतोय. माथाडीच्या पाठीवर गोणी कशी बसते बघा, हातातला आकडा गोणीत रुतवायचा, मान किंचित पुढे, आणि एका झटक्यात वजन पाठीवर, मग फळीवरून खाली पळतच. फळी दर पावलाला वाकते पण कोणी खाली बघत नाही. मस्जिद बंदर, भायखळा, क्रॉफर्ड मार्केट इथल्या गल्ल्यांमध्ये अडकलेला घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने इकडे आणला, कांदा-बटाटा, मसाला, धान्य, भाजी, फळं. सरकार आलं नाही, कांदा आला. आणि गंमत म्हणजे तो गुणाकार कांद्याला पण लागू पडला. कांद्यामागे माथाडी आला, बराचसा सातारा जिल्ह्यातला, कोपरखैरणे-घणसोलीत माथाडींची वसाहत झाली, तिथे वाणी, न्हावी, शाळा, गावच्या यात्रेला सुटणाऱ्या गाड्या. फक्त लोहचुंबक वेगळं निघालं.

[बेलापूर, आर्टिस्ट व्हिलेज]

हे कोरियांचंच काम, ऐंशीच्या दशकातलं. साधारण साडेपाचशे कुटुंबांसाठी. सात घरं, मधे आठ मीटर बाय आठ मीटरचं अंगण, अशी तीन अंगणं मिळून पुढचं मोठं अंगण. बिल्डिंग उंच नाही तरी माणसं दाटीने राहू शकतात हे दाखवायचं होतं. पण मला यातला दुसरा भाग जास्त आवडतो. दोन घरांची भिंत एक नाही, प्रत्येक घर सुटं, कारण त्यांनी धरूनच चाललं होतं की माणसाकडे पैसे आले की तो घर वाढवणार, मग शेजाऱ्याशी भांडण कशाला. हा पण अंदाजच, आणि हा बरोबर आला. जरा जास्तच बरोबर आला. हे कौलारू घर मूळचं, आणि त्याला चिकटून हा तीन मजली बंगला, ग्रॅनाइटचा जिना, वर पाण्याची काळी टाकी. मधल्या अंगणात तुळशी वृंदावन आहे आणि त्याला टेकवलेली अॅक्टिव्हा. आजी कॅमेऱ्याकडे न बघता पापड उलटे करतायत, तीन मिनिटांत एकदाही वर बघितलं नाही.

[जासई, हुतात्मा स्मारक]

१६ आणि १७ जानेवारी १९८४. जमिनीच्या मोबदल्यासाठी शेतकरी रस्त्यावर, दि. बा. पाटील पुढे, पोलिसांचा गोळीबार, पाच जण गेले. पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना याच लढ्यातून आली. ९५ गावं त्या अंदाजात होती ती जमीन म्हणून, त्यात राहणारी आगरी-कोळी माणसं आकड्यात कशी धरायची हे गणितात नव्हतं. फोटो बघा.

[ठाणे-बेलापूर रोड, गाडीतून]

पुढे जाऊ. हा पट्टा साठ-सत्तरच्या दशकात केमिकल कंपन्यांचा. बरेच कारखाने बंद झाले आणि त्याच प्लॉटवर काचेच्या बिल्डिंगी आल्या, कॉल सेंटर, सॉफ्टवेअर, डेटा सेंटर. १९७० ला टायपिस्टची टेबलं मोजणाऱ्या माणसाने हे लिहिलं असतं तर त्याला घरी पाठवलं असतं. म्हणजे जे हलवायचं ठरवलं ते हललं नाही आणि ज्याचं नाव पण कोणाला माहीत नव्हतं ते येऊन बसलं. २०११ ला महापालिकेची लोकसंख्या ११ लाखांवर, आणि पनवेलकडचे नोड त्यात धरलेले नाहीत.

[अटल सेतू, गाडीच्या काचेतून, मग उलवे]

१२ जानेवारी २०२४ ला हा सुरू झाला, २१.८ किलोमीटर. आठवतंय, पेन्सिलने गोल काढला होता, मधे पाणी? तो गोल इथे येऊन जुळला, अंक छापून आल्याला एकोणसाठ वर्षं होत आली तेव्हा. आणि हा विमानतळ. यासाठी डोंगर कापला, नदी वळवली, दहा गावं उठली. २५ डिसेंबर २०२५ ला पहिलं प्रवासी विमान उडालं.

आणि आता पुढचा अंदाज पण आलेला आहे. तिसरी मुंबई म्हणतात तिला. उरण, पनवेल, पेण तालुक्यातली १२४ गावं, ३२३ चौरस किलोमीटर. मागच्या वेळी ९५ गावं आणि ३४४, म्हणजे आकार साधारण तोच. या वेळचे आकडे बघताना मी एकच गोष्ट शोधत होतो, की यातला 'जर' कुठे लिहिलाय. कोण कुठे हलणार, कधी, आणि नाही हललं तर काय. मिळाला तर मला पण पाठवा.

[पेणकडचा रस्ता, दुपार]

शेवटचं लोकेशन. भाताची खाचरं, बांधाला लागून तळं, तळ्यात जिताडा सोडलाय, पाव्हणे आले की काढायचा. आणि रस्त्याकडेला दर शंभर पावलांवर पत्र्याचे बोर्ड. 'अटल सेतूपासून १५ मिनिटं, एनए प्लॉट, हप्त्याची सोय.' आम्ही सेतूच्या टोकापासून घड्याळ लावून आलो होतो, बावन्न मिनिटं लागली, वाटेत चहा पण घेतला नव्हता.

या बोर्डावर कॅमेरा जवळ घ्यायला सांगितला मी. पत्रा जुनाच आहे, वरचा रंग उन्हाने उडालाय आणि खालची आधीची अक्षरं वर आलीयेत. थोडं वाकून वाचावं लागतं. 'विमानतळापासून १५ मिनिटं.'

बोर्डाच्या खांबाला शेळी बांधलीये.