उतारावरचा खूर

सुरुवातीलाच एक कबुली देतो. उतारावरच्या चराईने मातीचं काय होतं ते बघायच्या कामाला लागलो तेव्हा बरेच दिवस मी गुरांच्या तोंडाकडेच बघत होतो. काय खातात, किती खातात, कोणतं गवत हुंगून सोडून देतात. वही भरली ती सगळी तोंडाच्या नोंदींनी. खुराकडे लक्ष गेलं ते एका पावसाळ्यात उतारावर घसरून पडलो तेव्हा. हात टेकला तो नेमका खुराच्या ताज्या खड्ड्यात. वरच्या बाजूला कापल्यासारखी उभी कड, आणि खालच्या बाजूला मुळांसकट ढकललेलं मातीचं ढेकूळ. खड्डा पाण्याने काठोकाठ भरला होता, पण पाणी मुरत नव्हतं. खालच्या कडेवरून सांडून ते पुढच्या खड्ड्यात उतरत होतं, तिथून त्याच्या पुढच्या.

हिशेब करून बघा. 500 किलोची गाय, चार खूर, एकेक खूर साधारण तळहाताएवढा. नुसती उभी असली तरी दर चौरस सेंटिमीटरला सव्वा ते दीड किलो भार येतो. चालताना दोन-तीनच पाय जमिनीवर, म्हणजे जवळपास दुप्पट. ट्रॅक्टरच्या रुंद टायरखालचा दाब अनेकदा याहून कमी असतो. फरक एवढाच की ट्रॅक्टर खोलवर दाबतो, खूर वरचे दहा-पंधरा सेंटिमीटर. पण पाऊस आत शिरतो तो याच थरातून. शिवाय उतारावर गाय सपाट पाऊल टाकत नाही. चढताना भार मागच्या पायांवर जातो, खुराची टोकं मातीत रुततात आणि शरीर वर ढकलताना माती खाली सारतात.

हे स्वतः तपासायचं असेल तर दोन्ही तोंडं उघडी असलेला पत्र्याचा डबा घ्या. गवताच्या ठोंबाशेजारी तो मातीत बोटभर रोवा, तांब्याभर पाणी ओता आणि घड्याळ बघा. मग तोच डबा ढोरवाटेवर रोवा. वाटेवर तो रोवतानाच हाताला कळतं, घड्याळ नंतर. ठोंबाजवळ मातीत मुळांनी आणि गांडुळांनी केलेली भोकं असतात, पाणी त्यांतून खाली जातं. वाटेवर पहिल्यांदा मिटतात ती हीच मोठी भोकं. बारीक उरतात, पण जोराचा पाऊस मुरायला ती पुरत नाहीत.

आता तोंड. गवताचा वाढीचा कोंब बुडाशी असतो, त्यामुळे वरून खाल्लं तरी गवत पुन्हा फुटतं. हे खरंच, पण अर्धंच. 1955 साली अमेरिकेत क्रायडर या संशोधकाने गवत वेगवेगळ्या प्रमाणात कापून मुळांचं काय होतं ते पाहिलं. निम्मा पाला काढला तर मुळांची वाढ जवळजवळ थांबत नाही. 70 टक्के काढला तर तीन चतुर्थांशाहून जास्त मुळं थांबतात, आणि 80 टक्क्यांना सगळी; तीही बारा-एक दिवस. म्हणजे निम्म्यापर्यंत फारसं काही बिघडत नाही आणि त्यापुढच्या दोन-चार घासांत सगळं बिघडतं. गाय जिभेने वेढा घालून गवत ओढते, बुडखा बऱ्यापैकी राहतो. मेंढी अगदी जमिनीलगत कुरतडते. थकलेलं गवत पुन्हा पुन्हा खाल्लं गेलं की मुळं आखडतात, आणि उतारावर माती धरून ठेवणारं दुसरं आहे कोण?

मग पाऊस येतो. मोठा थेंब सेकंदाला सुमारे 9 मीटर वेगाने आपटतो. सपाटीवर माती चहूबाजूंनी सारखी उडते. उतारावर खालच्या बाजूला उडालेले कण जास्त लांब पडतात, म्हणजे पाणी वाहायला लागण्याआधीच माती खाली सरकायला लागलेली असते. पाचोळा किंवा पात्यांचं छत असेल तर थेंबाचा मार ते झेलतं. ऑस्ट्रेलियात कुरणाचा सुमारे 70 टक्के भाग झाकलेला राहावा असं मानतात. त्याखाली गेलं की पाणी आणि माती दोन्ही झपाट्याने निसटतात. आणि हे झाकण समोरून बघून ठरवू नका. उतार पायथ्याकडून हिरवागार दिसतो, कारण एका ठोंबाआड दुसरा लपतो. पायाशी सरळ खाली बघा. मधली उघडी माती तेव्हा दिसते.

उताराला आडव्या, जिन्यासारख्या एकावर एक पायवाटा तुम्ही पाहिल्या असतील. त्या गुरांनीच केल्या की माती हळूहळू सरकून झाल्या, यावर वाद आहे. मला विचाराल तर माती सरकते आणि गुरं ती पायरी पक्की करतात. या आडव्या वाटा मला तितक्या डाचत नाहीत. वाईट ती सरळ पाण्याकडे उतरणारी वाट. दोन पावसाळ्यांत तिचा ओघळ होतो, पुढे घळ.

आइसलँडचं उदाहरण नेहमी देतात. नवव्या शतकात माणसं वस्तीला आली, बर्चची झाडं तोडली, मेंढ्या सोडल्या, आणि डोंगरांवरची माती निघून गेली. 1907 मध्ये तिथे माती वाचवण्यासाठी सरकारी यंत्रणा उभी राहिली, जगातल्या सर्वांत जुन्यांपैकी एक. पण सगळा दोष मेंढ्यांवर ढकलू नये. ज्वालामुखीच्या राखेची हलकी माती, थंडी, वारा, यांनीही हात लावला. वरचं झाकण फाटल्यावर मात्र त्यांना कोणी अडवू शकलं नाही.

म्हणून 'हेक्टरी किती जनावरं?' या प्रश्नाला मी आकड्याने उत्तर देत नाही. गुरं उतारावर सारखी पसरतच नाहीत. गाय उभा चढ टाळते, पाण्याजवळच्या सपाटीवर रेंगाळते. मेंढ्या दिवसभर उतारावर चरतात आणि रात्री माथ्यावर बसतात. उताराचं खत असं रोज वर चढतं, माथा गच्च आणि उतार भुकेला. सरासरी आकडा बरोबर असला तरी एक तुकडा उजाड होऊ शकतो.

मी आधी विचारतो, पाऊस कधी पडला? भिजल्या मातीत एका दिवसात जेवढं नुकसान होतं तेवढं वापसा आल्यावर, म्हणजे जास्तीचं पाणी निथळून माती जरा सुकल्यावर, आठवड्यातही होत नाही. कायमची चराईबंदी हाही सगळीकडचा उपाय नाही. घट्ट झालेल्या, बी संपलेल्या उतारावर कुंपण घातलं तर वर्षानुवर्षं नुसती काटेरी झुडपं उभी राहतात.

आणि गुरांना चाटायची मिठाची वीट कुठे ठेवली आहे तेही विचारतो. बहुतेक ठिकाणी ती पाण्याच्या टाक्याशेजारीच असते, कारण टाकायला सोपं. तिथली जमीन आधीच तुडवलेली असते. ती वीट उचलून वर, जिथलं गवत कोणी खात नाही तिथे ठेवा, आणि दर काही दिवसांनी जागा बदला. टाकं हलवता येत नाही, वीट येते.