तळघराचा वाद : ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ आणि त्याचे प्रेक्षक

मित्रहो,

आत्ता आपण ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ पाहिला : उठून चालू लागलेल्या प्रेतांनी वेढलेल्या एका शेतघरात सात माणसे रात्रभर अडकतात, त्याची ही गोष्ट. हा चित्रपट पाहून उठलेल्या प्रेक्षकांत एकमत झाल्याचे मला आठवत नाही. गेली अनेक वर्षे मी तो निरनिराळ्या वयाच्या माणसांबरोबर बसून पाहत आलो आहे आणि दर वेळी चर्चा त्याच चार-पाच ठिकाणी येऊन थांबते. चित्रपट संथ आहे, अभिनय कच्चा आहे, त्यातल्या बार्ब्रा या तरुणीचे पात्र सहन होत नाही, आणि मुख्य म्हणजे भीतीच वाटत नाही, असे काही जण सांगतात. तर त्यांच्याच शेजारी बसलेल्या कोणाला शेवटच्या पाच मिनिटांनंतर काय बोलावे हे सुचत नसते. या मतांना आवडीनिवडीचा प्रश्न म्हणून बाजूला सारावे असे मला वाटत नाही. हा चित्रपट एका भांडणाभोवती बांधलेला आहे, त्या भांडणाचा निवाडा त्याने मुद्दाम केलेला नाही, आणि प्रेक्षक बाहेर येऊन जे भांडतात ते बरेचसे त्या घरातले अपुरे राहिलेले भांडण असते, असे माझे म्हणणे आहे.

दिग्दर्शक जॉर्ज रोमेरो आणि त्यांचे सहकारी अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये जाहिरातपट करणारी मंडळी होती. त्यांनी आपसांत आणि ओळखीपाळखीतून पैसे जमवले आणि पेनसिल्व्हेनियातल्या एव्हान्स सिटी या गावाजवळच्या एका जुन्या, पाडायला काढलेल्या शेतघरात १९६७ साली चित्रीकरण केले. एकूण खर्च सुमारे १ लाख १४ हजार डॉलर झाला. रक्तासाठी चॉकलेटचे सरबत वापरले गेले, पार्श्वसंगीत तयार संग्रहातून घेतले गेले, आणि बहुतेक नट स्थानिक होते. काहींनी तर पडद्यावरच्या भूमिकेबरोबर निर्मितीची जबाबदारीही उचलली : हॅरी कूपर झालेले कार्ल हार्डमन हे निर्मात्यांपैकी एक, आणि त्यांच्या पडद्यावरच्या मुलीचे काम त्यांच्याच मुलीने केले. १ ऑक्टोबर १९६८ रोजी पिट्सबर्गच्या फुल्टन चित्रपटगृहात पहिला खेळ झाला.

त्या वेळच्या प्रतिक्रियांमधली सर्वांत बोलकी प्रतिक्रिया चित्रपट समीक्षक रॉजर एबर्ट यांची आहे. ‘शिकागो सन-टाइम्स’मध्ये जानेवारी १९६९ मध्ये त्यांनी लिहिले ते मुख्यतः चित्रपटगृहात बसलेल्या मुलांविषयी. दुपारच्या खेळाला लहान मुले एकटीच आली होती, सुरुवातीला नेहमीच्या भुताच्या चित्रपटासारखी ओरडत-हसत होती, आणि मग हळूहळू गप्प झाली. एक लहानशी मुलगी जागीच बसून रडत होती. अमेरिकेत चित्रपटांना वयानुसार श्रेणी देण्याची पद्धत नोव्हेंबर १९६८ मध्ये, म्हणजे या चित्रपटाच्या पहिल्या खेळानंतर महिन्याभराने सुरू झाली. एबर्ट यांचा रोख मुलांना आत सोडणाऱ्यांवर होता; चित्रपटाला त्यांनी वाईट ठरवलेले नव्हते. ‘व्हरायटी’ या नियतकालिकाने मात्र चित्रपटावरच कडाडून टीका केली आणि तो करणाऱ्यांच्या नीतिमत्तेवरच शंका घेतली. दोनच वर्षांत, १९७० मध्ये, न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने तो दाखवला, आणि १९९९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याचा समावेश झाला. पण या मानसन्मानाने वाद मिटला असे झालेले नाही, आणि मिटावा असे मला वाटतही नाही.

आता एकेका तक्रारीकडे वळू.

पहिली तक्रार चित्रपट ‘दिसत’ नाही ही. आपण आज जी प्रत पाहिली तिच्यात काळ्या-पांढऱ्यामधल्या करड्या छटा नीट दिसतात, म्हणून ही तक्रार आज कोणी केली नाही. पण माझ्या पिढीतल्या अनेकांनी हा चित्रपट काळपट, धुरकट, आवाज फाटलेल्या कॅसेटवर पाहिला आहे. त्याचे कारण कायद्यात आहे. चित्रपटाचे मूळ नाव वेगळे होते. वितरकांनी नाव बदलून नवी नामपट्टी लावली तेव्हा जुन्या पट्टीवरची स्वामित्वहक्काची (कॉपीराइटची) सूचना गळाली, आणि अमेरिकेच्या तेव्हाच्या १९०९ च्या कायद्यानुसार सूचनेविना प्रकाशित झालेली कृती सार्वजनिक मालकीची होत असे. त्यामुळे ज्याला हवी त्याने प्रत काढावी, प्रतीची प्रत काढावी, विकावी, मध्यरात्री दूरचित्रवाणीवर लावावी, असे घडत गेले. १९८० च्या दशकात त्याला रंगही फासले गेले. निर्मात्यांच्या हाती त्यांच्या कष्टाच्या मानाने फार थोडे आले याचे मला मनापासून वाईट वाटते. पण चित्रपट इतक्या लोकांपर्यंत पोचला तोही याच चुकीमुळे, हे नाकारता येत नाही. २०१६ मध्ये मूळ निगेटिव्हवरून त्याचे पुनरुज्जीवन झाले तेव्हा, ज्यांनी आयुष्यभर त्याला ‘अंधारातला चित्रपट’ म्हणून नावे ठेवली होती त्यांना खिडकीबाहेरच्या आकृत्या प्रथमच स्पष्ट दिसल्या. तेव्हा जुने प्रतिकूल मत ऐकताना त्या माणसाने कोणती प्रत पाहिली होती हे आधी विचारावे.

दुसरी तक्रार भीती न वाटण्याची. तरुण प्रेक्षक ती हमखास करतात, आणि प्रामाणिकपणे करतात. त्यांनी ‘झोंबिवली’मध्ये डोंबिवलीच्या गृहसंकुलात माणसांवर तुटून पडणारे झोंबी २०२२ मध्येच पाहिलेले असतात, त्यांच्या मानाने इथली प्रेते अडखळत, झोपेतून उठल्यासारखी चालतात. पण मेलेले झुंडीने येतात, जिवंतांचे मांस खातात, चावा बसलेला माणूस पुढे त्यांच्यातलाच होतो आणि डोक्यावर घाव घातल्याशिवाय ते थांबत नाहीत, हे सगळे नियम एकत्र बांधले गेले ते याच शेतघरात. गंमत अशी की चित्रपटात ‘झोंबी’ हा शब्द एकदाही उच्चारला जात नाही. या प्रेतांना ‘घूल’ म्हटले जाते, आणि तो शब्द मूळचा अरबी. हैतीतल्या समजुतीतला झोंबी हा कोणा मांत्रिकाचा गुलाम असतो, त्याला धनी असतो. रोमेरोंच्या प्रेतांना धनी नाही. त्यांना कोणी पाठवलेले नाही, म्हणून कोणाला शरण जाऊन किंवा कोणाला मारून ती थांबवता येत नाहीत. शुक्राहून परतणाऱ्या यानाच्या किरणोत्साराचे एक स्पष्टीकरण दूरचित्रवाणीवर पुटपुटले जाते खरे, पण ते तिथेच विरते. नियमांची सवय झालेल्या आजच्या प्रेक्षकाला तीच गोष्ट जुनी वाटणार, हे स्वाभाविक आहे. तिचा दोष चित्रपटाकडे जात नाही.

संथपणाची तक्रार मात्र मला मान्य नाही. चित्रपटाचा नायक बेन दारे उखडतो, फळ्या शोधतो, टेबलाचे पाय काढतो, खिळे ठोकतो. हे काम आपण बराच वेळ पाहत राहतो आणि कंटाळतो. पण घराची प्रत्येक खिडकी कुठे आहे आणि ती किती कच्ची आहे हे आपल्याला याच मिनिटांत कळते. शेवटी त्या खिडक्यांतून हात आत येऊ लागतात तेव्हा कुठली फळी सुटणार हे आपल्याला आधीच ठाऊक असते. ही मिनिटे काढून टाकली तर शेवटचा हल्ला नुसता गोंगाट होईल.

अभिनयाबद्दलची तक्रार मी थोडी मान्य करीन, थोडी नाही. जूडी आणि टॉम या घरात अडकलेल्या तरुण जोडप्यातला हळवा प्रसंग लिहिण्यातच फसलेला आहे आणि तो कोणीही वाचवू शकले नसते. पण बेन झालेले ड्वेन जोन्स यांचे काम कुठल्याही काळात उभे राहील असे आहे.

बार्ब्राच्या बाबतीत मी तक्रार करणाऱ्यांच्या बाजूचा आहे. भाऊ डोळ्यांदेखत मारला गेल्यावर माणूस दगडासारखा होऊ शकतो, हे खरे, आणि ज्युडिथ ओ’डी यांनी सुरुवातीची ती धाप, ते सैरभैर धावणे फार चांगले केले आहे. तरीही पहिली दहा-पंधरा मिनिटे जिच्या डोळ्यांनी आपण सगळे पाहिले, तिला पुढे सोफ्यावर बसवून टाकणे हे लेखनातले दारिद्र्य आहे. स्वतः रोमेरोंनी १९९० च्या नव्या आवृत्तीची पटकथा लिहिली तेव्हा बार्ब्राला खंबीर आणि लढणारी केले. त्याहून मोठी कबुली कोणती हवी? ज्या स्त्री-प्रेक्षकांना हे पात्र खटकते त्यांना ‘तो काळच तसा होता’ असे सांगून गप्प करण्याचा प्रयत्न मी ऐकला आहे. तो मला पटत नाही. त्याच घरात हॅरीची बायको हेलन कूपर आहे, आणि नवऱ्याच्या हट्टाचे तिने केलेले निदान अगदी नेमके आहे : तुला स्वतःचे बरोबर ठरणे महत्त्वाचे वाटते, बाकी सगळे चूक ठरले पाहिजेत, असे ती त्याला तोंडावर सुनावते. म्हणजे लेखकांना स्त्रीच्या तोंडी शहाणपण देता येत होते. बार्ब्राला ते दिले गेले नाही.

आणि आता तळघर.

हॅरी कूपर बायको आणि जखमी मुलीसह तळघरात दडलेला असतो. वर बार्ब्राच्या किंकाळ्या ऐकूनही तो बाहेर आलेला नसतो, आणि हे कळताच बेन संतापतो. इथून त्यांचे भांडण सुरू होते. हॅरीचे म्हणणे असे की तळघराला एकच दार आहे, ते आतून अडसर घालून बंद करता येते, वर मात्र दारे-खिडक्या असंख्य आहेत. बेनचे म्हणणे असे की तळघरातून पळायला वाट नाही. ते दार एकदा फुटले की सगळे संपले. दोघांचेही म्हणणे तर्काला धरून आहे. आपण मात्र मनातल्या मनात बेनच्या बाजूने झालेलो असतो, कारण तो शांत आहे, कामाचा आहे, त्याने एका अनोळखी बाईला वाचवले आहे, आणि हॅरी भित्रा, चिडका, हुकूम सोडणारा आहे. मग घडते काय? पेट्रोल आणण्याची बेनची योजना टॉम आणि जूडी यांचा जीव घेते. वरचे घर पडते. आणि शेवटी बेन कुठे जगतो, तर तळघरात, त्याच दाराला अडसर घालून.

इथे प्रेक्षकांत दोन तट पडतात आणि मला या चर्चेचा कधी कंटाळा येत नाही. एक तट म्हणतो, हॅरी बरोबर होता आणि आपण त्याच्या स्वभावामुळे त्याचे ऐकले नाही. दुसरा तट म्हणतो, थांबा : हॅरीचे ऐकून सातही जण खाली गेले असते, तर चावा बसलेली ती मुलगीही त्यांच्याबरोबर कोंडली गेली असती, आणि पुढे तिने आईबापांचे काय केले ते आपण पाहिलेच. बेनला तळघर लाभले ते रिकामे झाल्यावर, आणि तेही उठू लागलेल्या हॅरी-हेलनवर गोळ्या झाडून. तेव्हा तळघर सुरक्षित होते की नाही, याचे उत्तर कोणाबरोबर आणि केव्हा, यावर अवलंबून आहे. मी स्वतः दुसऱ्या तटाकडे झुकतो. पण पहिल्या तटाने माझे एक मत कायमचे बदलले आहे : आवडणाऱ्या माणसाचा सल्ला आपण तपासून पाहत नाही, आणि रोमेरोंनी आपल्याला नेमके तिथे पकडले आहे.

बेन कृष्णवर्णीय आहे, याचा चित्रपटात कोणीही उल्लेख करत नाही. जोन्स यांची निवड चाचणीत ते सर्वांत चांगले ठरले म्हणून झाली, असे रोमेरो नेहमी सांगत. भूमिका लिहिताना वर्णाचा विचार नव्हता. यावरून काही प्रेक्षक म्हणतात की चित्रपटात राजकारण शोधणे ही नंतरच्या समीक्षकांची करामत आहे. मला हा युक्तिवाद अपुरा वाटतो. लिहिणाऱ्यांच्या मनात काय होते हा एक प्रश्न. पडद्यावर काय उमटले हा दुसरा. हॅरी ज्या आवाजात बेनशी बोलतो तो आवाज १९६८ च्या अमेरिकेतल्या प्रेक्षकाने कुठे ऐकलेला असेल, हे त्याला कोणी सांगावे लागत नव्हते. तयार चित्रपट गाडीत घालून रोमेरो आणि निर्मात्यांपैकी एक असलेले रसेल स्ट्राइनर न्यूयॉर्कला वितरक शोधायला निघाले होते, त्या प्रवासातच रेडिओवर मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येची बातमी त्यांनी ऐकली. रोमेरोंनी हे अनेकदा सांगितले आहे. शेवट तेव्हा चित्रित होऊन गेलेला होता. त्यात काही बदलण्याची गरज उरली नव्हती.

त्या शेवटाबद्दल काही जण म्हणतात की तो निष्कारण क्रूर आहे : रात्रभर झुंजून जगलेल्या माणसाला सकाळी शेरीफच्या माणसाने घूल समजून कपाळात गोळी घालावी, हे प्रेक्षकाची फसवणूक करणे आहे. त्यांच्या दुःखाबद्दल मला आदर आहे, कारण ते बेनवर जीव लावल्याखेरीज होत नाही. पण गोळीनंतर काय येते ते पुन्हा पाहा, असे मी त्यांना सांगेन, आणि आज वेळ आहे म्हणून आपण ती मिनिटे पुन्हा लावणारच आहोत. चित्र हलायचे थांबते. वर्तमानपत्रातल्या दाणेदार छायाचित्रांसारखी स्थिरचित्रे एकामागून एक येतात : बंदूकधारी माणसे, त्यांच्या हातांतले मांस टांगायचे आकडे, बेनचा चेहरा, उचलून नेलेला देह. चित्रांखाली बिनतारी यंत्रावरचे तुटक बोलणे चालू राहते. चित्र पुन्हा हलू लागते तेव्हा बेनचा देह, ज्यांच्यापासून तो रात्रभर लपला त्यांच्याच देहांशेजारी लाकडांवर ठेवलेला असतो, आणि आग लावली जाते.