घर घेण्याआधी पायऱ्या मोजा

नमस्कार श्रोतेहो.

निकाल लागले की सांगलीत जागा शोधणारी माणसं दिसायला लागतात. जतहून, आटपाडीहून, विट्याहून. कुणाला मुलं शिकायला आणायची असतात, कुणाची बदली झालेली असते, कुणी निवृत्त होऊन दवाखाना जवळ हवा म्हणून येतं. त्यातले ओळखीचे मला विचारतात, "बाई, तुम्ही इतकी वर्षं इथं राहताय. विश्रामबाग परवडत नाही. कुपवाडला घेऊ का? का माधवनगर? का मिरजेच्या अंगाला बघू?" मी उपनगराचं नाव सांगायच्या आधी एकच गोष्ट सांगते. पावसाळ्यात जा, आणि पायी जा. आज हे तुम्ही माझ्या तोंडून दोन-तीनदा ऐकाल. कारण जागा बघायला आपण सगळे जातो मे महिन्यात, आणि जातो ते दुसऱ्याच्या गाडीतून.

मला हे कुणी शिकवलं, ते सांगते.

१९९७ सालची गोष्ट आहे. आम्ही गावभागात, म्हणजे नदीकाठच्या जुन्या सांगलीत, दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो. माझी शाळा सांगलीत, यांची नोकरी मिरजेत. मुलगी दुसरीत, मुलगा अजून कडेवर. मे महिन्यात एका एजंटानं आम्हाला जीपमधून नेऊन एक प्लॉट दाखवला. शंभर फुटी रोडच्या पलीकडं, बराच आत. त्या भागाचं नाव सांगत नाही, तिथं आज माझे कितीतरी विद्यार्थी घरं बांधून राहतात. दीड गुंठा जागा, चुन्याची फक्की टाकून आखलेली, कोपऱ्यात एक बाभळ. भाव विश्रामबागेच्या निम्मा. जमीन काळी, आणि तिला एवढाल्या भेगा की मुलीचा हात मनगटापर्यंत आत जात होता. भेगांचा विचार करायला आम्हाला सवड कुठली? स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला ठेवायची का उत्तरेला, यावर आमचं दोघांचं बोलणं चाललं होतं.

जुलैत इसार द्यायचा ठरला. त्याच आठवड्यात माझे थोरले मामा आले. मामा तासगाव तालुक्यातले, जन्मभर गवंडीकाम केलेले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. मिरजेच्या दवाखान्यात दाखवून ऑपरेशनची तारीख घ्यायला आले होते. दिसायचं अगदी अंधुक, त्यामुळं त्यांना एक सवय लागली होती. पायरी आली की ती पायानं चाचपायची आणि मोठ्यानं मोजायची. एक. दोन. तीन. देवळात मोजायचे, दवाखान्यात मोजायचे, एसटीत चढतानाही मोजायचे.

मामा म्हणाले, "पोरी, पैसं द्यायच्या आधी मला जागा दाव."

मी म्हटलं, "मामा, बाहेर पाऊस आहे."

"म्हणून तर म्हणतोय."

रिक्षावाला गल्लीच्या तोंडाशी थांबला, पुढं यायला तयार होईना. आम्ही उतरलो. मामांनी वहाणा काढून हातात घेतल्या, दुसरा हात माझ्या खांद्यावर ठेवला आणि आम्ही चिखलातून निघालो. प्लॉट दिसतच नव्हता. बाभळ तेवढी होती, तिच्या बुंध्याला गुडघाभर पाणी. चुन्याच्या रेघा केव्हाच धुऊन गेलेल्या. मी म्हटलं, "मामा, कालपासून पडतोय म्हणून साठलंय. जाईल दोन दिवसांत." मामा काही बोलले नाहीत. मागं वळले आणि गल्लीतल्या पहिल्या घराच्या दारात जाऊन उभे राहिले.

घर नवंकोरं होतं. मामांनी पायानं पायरी शोधली. "एक, दोन, तीन, चार, पाच." मालक बाहेर आले, रामराम झाला. कधी बांधलं? औंदाच बांधलं. मामा उतरले. पुढचं घर पाच-सहा वर्षांचं. "एक, दोन, तीन." तिसरं घर पत्र्याचं, गल्लीतलं सगळ्यात जुनं. तिथं मामा पाय फिरवत राहिले, पायरी काही लागेना. मग पाय एकदम खाली गेला. मी दंड धरला म्हणून सावरले. "एक," मामा म्हणाले. "दोन." आम्ही दोन पायऱ्या उतरून त्या घरात गेलो, श्रोतेहो. उतरून.

आत एक बाई चूल पेटवत होत्या. पावसाचे आलोत म्हटल्यावर त्यांनी चहाचं आधण ठेवलं. माझं लक्ष पलंगाकडं गेलं. पलंगाच्या चारही पायांखाली दोन-दोन विटा होत्या. तांदळाचा डबा, पिठाचा डबा, मुलांची दप्तरं, सगळं वर फळीवर. खाली जमिनीवर म्हणून काही ठेवलेलं नव्हतं. भिंतीला कमरेइतका लोणा चढलेला, मामांनी तो नखानं खरवडला आणि बोटं धोतराला पुसली. मग त्यांनी विचारलं, "वहिनी, पाणी कुठवर येतं?"

पाणी येतं का, असं विचारलं असतं तर कदाचित त्या "नाही हो" म्हणाल्या असत्या. आपल्या घराविषयी वाईट सांगायला कुणाला आवडतं? पण मामांनी विचारलं, कुठवर येतं. बाईंनी दाराच्या चौकटीकडं बोट केलं. "हितवर. ह्यांनी खिळा मारून ठिवलाय बघा." चौकटीत, माझ्या गुडघ्याच्या वर चार बोटं, एक गंजलेला खिळा होता.

"नदीचं न्हाई ओ," त्या म्हणाल्या. "नदी लांब हाय. मागं ओढा हुता, त्यो बुजवून प्लॉट पाडलं. मग पाणी जायचं कुठं? चार दिसांत उतरतंय." आणि चहाचा कप हातात देताना म्हणाल्या, "आमी घर बांधलं तवा दोन पायऱ्या चढून यायचो."

परतताना मामांनी मला समजावलं. घर खचत नाही, रस्ता वर येतो. दर दोन-चार वर्षांनी खडी पडते, डांबर पडतं, रस्ता वीतभर उंच होतो. नवा माणूस येतो, मुरूम टाकून आपलं जोतं शेजाऱ्यापेक्षा उंच उचलतो. त्याच्या दारातलं पाणी शेजाऱ्याच्या दारात जातं. पुढचा येतो, तो आणखी एक पायरी वाढवतो. म्हणून ज्या गल्लीत जुन्या घराला एक पायरी आणि नव्याला पाच, त्या गल्लीत पाणी येतं. कुणाला विचारायची गरज नाही. पायऱ्या मोजायच्या.

इथं थोडं विषयांतर होतंय, पण बोलल्याशिवाय मला राहवत नाही. रस्ता नवा करताना जुना थर आधी खरवडून काढला पाहिजे. रस्त्याची उंची आहे तेवढीच राहिली पाहिजे. आपल्याकडं थरावर थर चढवतात आणि जुन्या घरांचे उंबरे बुडवतात. उंबरा बुडतो तो नेहमी गरिबाचा, कारण जोतं उचलायला पैसे लागतात. आपल्या भागात रस्त्याचं काम निघालं की चार घरांनी मिळून नगरसेवकाकडं जावं आणि हे सांगावं. गटार करतानाही तेच. गटाराचा तळ कुठल्या बाजूला उतरता आहे, हे काँक्रीट ओतायच्या आधी उभं राहून बघावं.

तर, दुसऱ्या दिवशी मामांनी आम्हाला विश्रामबागेच्या पुढं, मिरजेच्या बाजूला नेलं. पाऊस होताच. एका गल्लीत मामा सात घरांच्या पायऱ्या चढले आणि उतरले. दोन. दोन. तीन. दोन. जुन्या घराला दोन आणि नव्यालाही दोन. गल्लीतून पाणी वाहत होतं, पण वाहत होतं, साठत नव्हतं. तिथं एक बैठं घर विकायला होतं. दोन खोल्या, मागं न्हाणी, आणि दारात कडुनिंब. जागा त्या प्लॉटच्या निम्मी, पैसे जास्त. यांचा चेहरा उतरला होता, माझाही उतरला होता. दोघांच्या पगारातून १५ वर्षं हप्ते जाणार होते. मामा कडुनिंबाच्या बुंध्याला हात लावून उभे होते. म्हणाले, "पोरी, खोली मागनं वाढवता येती. जमीन वर उचलता येत न्हाई."

आम्ही ते घर घेतलं.

पुढचं सांगलीकरांना सांगायला नको. २००५ साली कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पुराचं पाणी ५३ फुटांच्या वर गेलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ५७ फुटांच्या वर. २०२१ च्या जुलैत पुन्हा ५४ च्या वर. बाहेरून नव्यानं येणाऱ्यांसाठी सांगते, या पुलाशी ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. १९२९ साली बांधलेला हा पूल आमच्या प्रत्येकाच्या घरातलं माणूस असल्यासारखा आहे. पावसाळ्यात सकाळी उठलं की पहिला प्रश्न, आयर्विनला किती फूट? २०१९ ला आमच्या त्या बैठ्या घरात नऊ दिवस चौदा माणसं राहिली. गावभागातली माझी नणंद, तिचे शेजारी, त्यांची म्हातारी आई. चौदा माणसांची अंथरुणं जमिनीवर होती आणि जमीन कोरडी होती. नळाला मात्र चार दिवस पाणी नव्हतं. गल्लीत एक जुना आड होता, त्यावर आमचं भागलं. तेव्हा जागा बघताना जवळपास आड किंवा चालू बोअर आहे का, हेही बघा.

आता राहिलेलं भराभर सांगते, वेळ थोडा आहे.

सांगलीत पाणी दोन तऱ्हांनी येतं. एक नदीचं. कोयना आणि कृष्णा कऱ्हाडला एक होतात, हरिपूरला वारणा येऊन मिळते, आणि पुढं पाणी निघेना झालं की मागं फुगतं. दुसरं पावसाचं, ज्याला वाट राहिलेली नाही. सखल जागेला, नाल्याकाठच्या पट्ट्याला आमच्याकडं ओत म्हणतात. ओतात घर बांधलं की नदी तीन किलोमीटर लांब असली तरी पाणी दारात. पहिल्या पाण्यासाठी पाटबंधारे खात्याची पूररेषा बघा. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येऊ शकेल एवढा पूर, लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा येऊ शकेल एवढा. दुसऱ्या पाण्याची रेषा कुठल्याच नकाशावर नाही. ती पायऱ्यांवर आहे. म्हणून पावसाळ्यात जा, पायी जा आणि पायऱ्या मोजा.

जागेचं जुनं नाव विचारा. वसाहतीचं नवं नाव काहीही असू द्या, तिथल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, पूर्वी याला काय म्हणायचे? माळ म्हणाले तर जमीन उंच, खाली मुरूम. मळी म्हणाले तर नदीकाठची गाळाची जमीन, ऊस उत्तम येईल, घराचं मात्र दहादा बघा. जुन्या माणसांनी जमिनीला नावं फार विचारानं दिलेली आहेत. ती पुसून वसाहतींना परदेशी नावं द्यायची जी रीत पडली आहे, ती मला मनापासून नको वाटते. नाव गेलं की त्या जमिनीची माहितीही जाते. हरिपूरला हळदीची पेवं, म्हणजे जमिनीत खोदलेली कोठारं होती, वर्षानुवर्षं हळद त्या मातीच्या पोटात कोरडी राहायची, आणि २००५ च्या पुरात त्या पेवांतसुद्धा पाणी शिरलं. तिथल्या जुन्या माणसाशी अर्धा तास बोला, जमीन म्हणजे काय ते कळेल.

काळ्या जमिनीवर बांधायचं असेल तर पाया मुरूम लागेपर्यंत न्या. काळी माती उन्हात आकसते, पावसात फुगते, आणि भिंतींना तडे जातात.

कागद. गुंठेवारीची, म्हणजे परवानगीशिवाय गुंठ्या-गुंठ्याचे तुकडे पाडून विकलेली जागा असेल तर ती २००१ च्या कायद्याखाली नियमित झाली आहे का, तो दाखला डोळ्यांनी बघा. "होऊन जाईल" यावर पैसे देऊ नका. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, बिगरशेतीचा आदेश, आणि बांधलेलं घर असेल तर भोगवटा प्रमाणपत्र, हे सगळं वकिलाला दाखवा. इसार द्यायच्या आधी दाखवा, नंतर नव्हे.

कुपवाड, मिरज, माधवनगर, सगळीकडं चांगल्या गल्ल्या आहेत आणि सगळीकडं वाईटही. कुपवाडला एमआयडीसी आहे, तिथं नोकरी असणाऱ्याला सोयीचं. मिरजेला रेल्वे आणि दवाखाने. विश्रामबागेत कॉलेजं. पण मूल शाळेत चालत जाऊ शकेल का, हे मात्र अंतराच्या आधी बघा, आणि शाळेच्या वेळेला स्वतः चालून बघा. मी ३१ वर्षं शिकवलं. चालत येणारं मूल वाटेत चार माणसांना ओळखतं.

गेल्या आषाढात मी त्या जुन्या गल्लीत गेले होते. त्या बाई आता नाहीत. त्यांच्या नातवानं पत्र्याचं घर पाडून नवं बांधलंय, माझाच विद्यार्थी तो. दारात सात पायऱ्या. मी मोजून चढले. त्यानं जुनी चौकट टाकली नाही, मागच्या खोलीला बसवली आहे, आणि खिळा अजून तिच्यात आहे. चहा घेऊन निघाले, तर शेजारच्या घरातून एक मुलगी दप्तर घेऊन बाहेर पडत होती. ती तीन पायऱ्या चढून रस्त्यावर आली.

नमस्कार.